चालत जाण्याइतक्या अंतरावर

अगो, ती बेल नाय! दाबून वाजायची नाय ती— मघापासून ऐकतेय मी, चौकटीवर कोण खटखट करतंय. ये, आत ये. ते चौकटीला तिरकं लावलंय ना, त्यात आमच्या धर्मग्रंथातल्या ओळी असतात, हातानं लिहिलेल्या. मेझुझा म्हणतात. येता-जाता बोटं लावायची आणि ओठांना टेकवायची, एवढंच. लतिकाच ना तू, फोनवर बोललीस ती? बस, झोपाळ्यावर बस. नवरा नाय आला? शिफ्टला गेला— बरं झालं, पुरुष आला की नुसता नळ आणि मीटर बघत फिरतो. चहा नाय करता येणार हां, आज शनिवार, आमच्यात शनिवारी चूल पेटवत नाय. आम्ही ज्यू, म्हणजे इकडं सगळे इस्रायलीच म्हणतात. कोकम सरबत कालच करून ठेवलंय, ते घे. आता तू म्हणशील, शनिवारी चूल नाय पेटवत, मग घर भाड्यानं द्यायचा व्यवहार कसा काय बोलता? नाय बोलत. बरोबर हाय तुझं. पण आमचे हे फक्त शनिवारी सकाळीच घराबाहेर असतात, मशिदीत— आमच्या सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो, आजे-पणजांपासून. आणि हे घरात असताना कोणी घर बघायला आलं की काय होतं, ठाऊक हाय? मागे एक कुटुंब आलं व्हतं, चांगलं, सालस— तर हे त्यांना सांगत बसले की मागच्या भिंतीतून पाणी झिरपतं आणि विहिरीवर साप दिसला व्हता. साप! लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी तिथं गांडुळाशिवाय काय बघितलं नाय.

तर ही बाहेरची खोली. वारा चांगला येतो. आम्ही मुंबईला जाणार. म्हणजे जायचं ठरलंय. म्हणजे— मी ठरवलंय. आमची शीरा, एकुलती एक, कांदिवलीला असते. जावई जहाजावर. तिला दिवस गेलेत आणि डॉक्टरांनी सांगितलंय, या वेळी पलंगावरून उठायचं नाय, कारण मागच्या वेळी— जाऊ दे. मागच्या वेळी राहिलं नाय. तेव्हा मी इथं, पेणला. मी नर्स व्हते गो, सरकारी दवाखान्यात, माणसं अजून मला सिस्टरच म्हणतात. गडबपासून कासूपर्यंत किती बायकांची बाळंतपणं केली या हातांनी, आणि माझी स्वतःची पोर पलीकडून म्हणते, आई, पोटात दुखतंय, आणि मी इथं फोन कानाला लावून उभी. पाय वर घे, गाडी बोलव— एवढंच सांगता आलं मला. परत तसं नाय व्हायचं. काय वाटेल ते झालं तरी नाय. तिच्याच घरात राहायचं म्हटलं तर एक खोली, त्यात तिची सासू, ती पण दमेकरी. म्हणून मुंबईत जागा भाड्यानं घ्यायची आणि हे घर भाड्यानं द्यायचं. सरळ गोष्ट ना? हां, तुला पण सरळच वाटते. यांना विचार!

घरं बघून बघून पायांचे तुकडे पडले माझ्या. यांची एकच अट— मशीद चालत जाण्याइतक्या अंतरावर पाहिजे. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, वाहनात बसायचं नसतं. मी म्हटलं ठीक हाय, धर्माची गोष्ट, आपण कशाला आड यायचं. तर कांदिवलीत आमची मशीद जवळपास कुठं नाय. झालं, कांदिवली गेली. मग मी एजंटला सांगितलं, बाबा, मशिदीजवळचं दाखव— सवयीनं बोलून गेले— तर तो आम्हाला घेऊन गेला मुसलमान मोहल्ल्यात. घरमालक एवढा भला माणूस, खजूर काय दिले, पंखा काय लावला, आणि मग उलगडा झाला तेव्हा आमच्याबरोबर हसत सुटला. मला तर तिथंच राहावंसं वाटलं. मग ठाणं. ठाण्यात आमची माणसं हायत, मशीद हाय, तिच्या कोपऱ्यावरच घर मिळालं. तर यांना जिन्याच्या पायऱ्या उंच वाटल्या! इथं विहिरीत उतरून गाळ काढणारा माणूस, त्याला पायऱ्या उंच! भायखळ्याला खिडकीतून मशीद दिसत व्हती, तर म्हणे हॉर्न फार वाजतात. कुर्ल्याला म्हणे हवा जड हाय. मी म्हटलं, तोलून बघितलीत काय?

आणि जिथं यांना नाव ठेवायला जागा मिळाली नाय, तिथं घरमालकांनी आम्हाला नावं ठेवली. आडनाव विचारलं, कासूकर. आमचं मूळ गाव कासू, म्हणून कासूकर. अरे वा, मराठी माणसं, म्हणून खूश! पूर्ण नाव काय? सॉलोमन. झालं, चेहरा उतरला. ख्रिश्चन का? नाय. मग मुसलमान? नाय. मग तुम्ही नक्की कोण?— जसं काय आम्हीच लपवून ठेवलंय. एकीनं विचारलं, नॉनव्हेज खाता? मी म्हटलं मासे खातो, पण खवल्यांचेच, कोळंबी नाय, चिंबोरी नाय. ती एजंटकडं वळून म्हणते, हे अर्धे व्हेज दिसतात. अर्धे व्हेज! हसू नको गो, तेव्हा रडायचं बाकी राहिलं व्हतं. तू खातेस ना कोळंबी? खा बाई, मला काय, फक्त माझ्या भांड्यांत नको, भांडी मी बांधून ठेवणार हाय— बघ, मी पण विचारायला लागले तुला. घरमालकीण झालं की तोंडातून आपोआप येतं वाटतं.

ये, मागचं दार बघ. ती विहीर. बघ, हाय कुठं साप?

तर काय सांगत व्हते— मला संशय आला तो ठाण्याच्या त्या जिन्यावर. परत येताना गाडीत मी यांना म्हटलं, अहो, रोह्याहून एलियाहभाऊ दर शनिवारी रेल्वेत बसून पेणला येतात. नागोठण्याहून रूबेन मोटारसायकलवरून येतो. तेव्हा शब्बाथ मोडत नाय, आणि कांदिवलीहून गाडीनं मशिदीत गेलं की मोडतो? तर खिडकीबाहेर बघत बसले. पनवेलपासून पेणपर्यंत एक शब्द नाय. मी चिडले. म्हटलं, तुम्हाला मुलीची काय पडलेली नाय. तोंडावर म्हटलं. आणि तो माणूस गप्प बसला की मला जो काय राग येतो ना— भांडणारा नवरा परवडला गो, भांडला की निदान कळतं तरी, गाडी कुठं अडलीय.

मग मागच्या शनिवारी यांना ताप. चांगला सणसणीत, मी पट्ट्या ठेवत व्हते. म्हटलं, आज कुठं जायचं नाय. तर थोड्या वेळानं दारात एलियाहभाऊ. ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत आलेले. चल पण नाय म्हटलं. नुसते झोपाळ्यावर बसले, मघाशी तू बसलीस ना, तिथंच. आणि हे उठले. कोट घातला. मी ओरडतेय, नर्स म्हणून ओरडतेय, बायको म्हणून ओरडतेय— माझा हात हळूच बाजूला केला आणि एवढंच म्हणाले, थांबलेत सगळे. मी पण निघाले मागोमाग, त्या सगळ्यांना चार शब्द ऐकवायला. मशिदीच्या दारात उभी राहिले— आणि आयुष्यात पहिल्यांदा माणसं मोजली. आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय पुरी प्रार्थना होत नाय. तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, कपाटातून बाहेर काढता येत नाय. नऊ असले तरी नाय. आत आठ जण बसले व्हते, लांब लांब, मधले बाक सगळे रिकामे. एलियाहभाऊ जाऊन बसले, नऊ. हे बसले— तापानं थरथरत बसले— आणि मग कोणीतरी उठून कपाटाचा पडदा सारला.

इतकी वर्षं मी तिथं जातेय. मागं, बायकांच्या जागेत बसतेय. माझ्या लग्नात आत जागा नव्हती, माणसं बाहेर ओट्यावर उभी व्हती. मग एकेक गेले. कोणी इस्रायलला, कोणी मुंबईला, कोणी देवाघरी. प्रत्येकाला निरोप द्यायला मी गेले, वाटेसाठी डबे बांधून दिले, मयताला उभी राहिले. पण वजाबाकी कधी केली नाय गो. हे करत व्हते. म्हणजे ठाण्याच्या पायऱ्या उंच नव्हत्या. कुर्ल्याची हवा जड नव्हती. हे इथून उठले की पेणची मशीद बंद— एवढंच व्हतं ते.

मग सांगायचं ना! मला सांगायचं ना! माझ्याकडून अख्खी मुंबई चालवून घेतली, एजंटांची बोलणी खायला लावली, हे एक वाक्य तोंडातून निघत नव्हतं? बरं, निघालं असतं तर मी काय केलं असतं— भांडले असते. भांडले असतेच. तुमचे ते नऊ म्हातारे मोठे की माझी पोर मोठी, असं विचारलं असतं. म्हणूनच नाय बोलले. आणि मी मुंबईला येत नाय, असं पण त्यांना म्हणवत नाय, त्यांची पण पोर हाय ती. रोज फोनवर तिला सांगतात, बघतोय गो बाळा, घर बघतोय. फोन ठेवला की उगाच विहिरीवर जाऊन उभे राहतात. आता मी काय करू, सांग. यांना ओढून नेऊ? नेईन पण. येतील पण गपचूप. आणि तिथं प्रत्येक शनिवारी कोट घालून, खुर्चीत बसून, इथले नऊ जण मोजत बसतील. आणि नाय नेलं, तर शीरा तिथं पलंगावर, दमेकरी सासूच्या भरवशावर, छताकडं बघत. मला खरंच कळत नाय गो. दोन्हीकडून राग येतो, आणि काढायचा कोणावर?

उशीर होतोय का तुला? स्वयंपाकघर राहिलं बघायचं— नाय. राहू दे. जरा ऐक.

शीराच्या गल्लीत एक जागा व्हती. पहिल्याच दिवशी बघितलेली. लहानशी खोली, बारकी मोरी, खिडकीत कबुतरांची घाण. यांनी आत पाऊल पण टाकलं नाय. मशीद लांब म्हणून. पण त्या खिडकीतून शीराची गॅलरी दिसते. तिच्या दोरीवर काय वाळत घातलंय ते दिसतं. हाक मारली तर ओ येईल, एवढं जवळ. अजून कोणी घेतली नाय ती, गुरुवारीच एजंटचा फोन येऊन गेला. मी म्हटलं, दोघांना कशी पुरेल? दोघांना नायच पुरत. एका माणसाला—

थांब. थांब हां जरा.

दहा पुरुष लागतात. पुरुष. मला कोण मोजतंय तिथं? माझ्या सासूला नाय मोजलं, मला नाय मोजलं. शीरा लहान असताना पाय आपटायची, आई, मला का नाय मोजत? मी म्हणायची, उगी, आपण मागं बसून ऐकायचं. मला पण वाईट वाटायचं, पण बोलायचं कोणाला. आणि आज बघ— इतक्या वर्षांत या गोष्टीचा मला पहिल्यांदा काय उपयोग झाला! मी गेले तर तिथं कोण कमी होत नाय. दहाचे दहाच राहतात. मी कशाला ठाणं बघत बसले, कुर्ला बघत बसले? मला चालत जाण्याइतक्या अंतरावर मशीद नको. मला चालत जाण्याइतक्या अंतरावर शीरा पाहिजे.

म्हणजे— हे घर आता द्यायचं नाय, गो. व्हय, मीच बोलावलं तुला, कळतंय मला. तुझा हेलपाटा झाला. तू असं कर, गडबला हायवेच्या आत हौसाबाई राहते, तिच्या दोन खोल्या रिकाम्या हायत, माझं नाव सांग, सिस्टरनं पाठवलं म्हणून. तिची तीन बाळंतपणं मी केलीत, ती तुला नाय म्हणायची नाय. कांदिवलीच्या खोलीचं भाडं कसं देणार? माझं पेन्शन कोण खातंय? आणि यांना वरण-भात येतो, भाकऱ्या टाकायला शेजारची पुतळी येईल. भांडी पण नको बांधायला, राहतील इथंच. एकटे राहतील का, विचारतेस? राहतील. मी राहीन का, ते कोण विचारत नाय— असू दे. राहीन मी पण. मूल हातात आलं की बघू.

गेट वाजलं. हेच. पावलं ऐक— जोरात टाकतायत, म्हणजे आज सगळे जमले. नाय जमले की पाय ओढत येतात. तू काय बोलू नको हां, मी बोलते.

अहो, या. तो कोट काढा आधी, किती घाम आलाय. झाली प्रार्थना? बरं झालं. ही लतिका. घर बघायला आली व्हती. नाय नाय, सापाचं सांगू नका तिला, काय गरज नाय. बसा. पंख्याखाली बसा. घर मिळालं तुम्हाला— हेच. मी जातेय कांदिवलीला. एकटी.

लतिका, तू नीघ गो. दार नुसतं लोटून घे.