अठ्ठावीस ते एकतीस

— न्हाय न्हाय, लगीन झाल्यावर म्हणू नका. कवा हाय घरातलं लगीन? दीड म्हयन्यानं? तुमच्या आप्पांना घास अडकायलाय म्हणता, घासाला घोटभर पाणी लागतंय म्हणता, दुर्बीण घालून बघा म्हणून दिलेली चिठ्ठी तुमच्या खिशात हाय — आन् तुम्ही दीड म्हयन्यानंतरची तारीख घेऊन दवाखान्यातनं नंदगडला परत निघालाय. बसा जरा. बस काय, ही गेली तर दुसरी. बसा हतं, पिशवी मांडीवर घ्या. मी डाक्टर न्हाय, वडगावचा मागवाला हाय, भरमू म्हणत्यात मला. दोन पावरलूम हायत घरात, साड्या विणतो. पर ह्या एका दुखण्यातलं मला कळतंय थोडं. थोडं म्हणजे काय — लईच कळलं.

ती बघा, त्या कोपऱ्यात, पंख्याखाली. हिरव्या साडीतली. आमची मंडळी, राजाबाई. आत्ताच दुर्बीण घालून आणली तिला, दुसऱ्या बारीला. घसा बधिर केलाय, तासभर बोलायचं न्हाय म्हणून सांगितलंय. कागद यायचाय, त्येच्यासाठनं बसलोय. वाळली म्हणता? व्हय, वाळली. श्रावणात ह्या बाईच्या दंडातनं चोळी जात नव्हती.

तर त्या कागदावर काय असतंय, सांगतो, तुम्हाला बी लागंल. फुडच्या दातापासनं मोजत्यात. दातापासनं इतक्या सेंटीमीटरवर गाठ चालू झाली, इतक्यावर संपली. मधलं जे अंतर, ती गाठीची लांबी. आमच्या पयल्या कागदावर हुतं, अठ्ठावीस ते एकतीस. एकतीसातनं अठ्ठावीस गेले, ऱ्हायले किती? डाक्टरनं तोंड उघडायच्या आधी मी सांगितलं, तीन. जलम मापात गेलाय माझा — साडी किती, पदर किती, काठ किती, कागद-पेन लागत न्हाय मला. डाक्टर बी हसला. कन्नडातनं बोलला, भला माणूस. म्हणाला, यजमानरु, गाठ जितकी लहान तितकी माणूस जगायची आशा जास्त. लांबीवरच सगळं न्हाय, किती खोल गेलीया, बाजूला पसरलीया काय, तेबी बघायला लागतंय — पर तुमची तीन हाय, ही चांगली गोष्ट हाय. पाचाच्या फुडं गेली की आमचे बी हात बांधल्यागत हुत्यात. आठ दिवसांत ॲडमिट करा.

आन् मला काय ऐकू आलं? चांगली गोष्ट हाय, तेवढंच. आठ दिवसाचं कानावरनंच गेलं. ही गणपतीच्या आधीची गोष्ट. आता संक्रांत झाली.

का म्हणजे? मागावर बीम हुता की. तुम्ही शेतातली माणसं, तुम्हाला कसं सांगू — हजारो उभे धागे गुंडाळलेला रूळ असतोय, एका बिमावर साठ-साठ साड्या निघत्यात. दुसरा माग तिच्या हातातला. आमच्यात चालू बीम टाकून उठत न्हाईत, आमच्या वडलांपासनं हाय ते. मयताला जाऊन आला तरी माणूस परत येऊन बीम संपवतोय. मी म्हटलं, एवढा बीम उतरू दे, दसऱ्यापतोर उतरंल, मंग जाऊ. तीन तर हाय. आन् तिला काय सांगितलं? अल्सर हाय म्हणून सांगितलं. पोटात आग पडती, गोळ्या घे. कागद देव्हाऱ्याच्या खणात घातला, वर पंचांग ठेवलं.

दसऱ्याला उतरला की बीम. खोटं कशाला बोलू, उतरला. शेवटची साडी निघाली, तवा जायचं. तितंच उठायचं हुतं बघा मला. पर नवा बीम दारात येऊन पडलेला — लगीनसराईच्या साड्यांचा. आन् धागं जिच्या दातांतनं ववलेलं असत्यात ती फणी, तिच्यात जुन्याची शेपटं असतानाच नव्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेक धाग्याला जोडायला लागतोय. सांधणी म्हणतो आम्ही तिला. ते केलं न्हाय तर फणी मोकळी हुती, सगळं परत पयल्यापासनं भरायला लागतंय, आठ-आठ दिवस जात्यात. सांधणीवाला परशराम गावाला गेलता. मंग कोण करणार? हीच बसली. तीन हजार धागं. बोटाला राख लावायची, पीळ द्यायचा, सोडायचा. राख लावायची, पीळ द्यायचा. दोन दिवस बसली ती मागाखाली. तवा तर कवा कवा थुका बी अडकायचा तिला. शेजारी दुधाचा डबा ठेवलेला, त्यात थुकायची आन् परत राख लावायची. मी आडव्या सुताच्या कांड्या भरत बसलोतो समोर. बघत हुतो.

न्हाय, थांब म्हणालो न्हाय. तुम्ही माझ्या तोंडाकडं असं बघू नका.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला, काठाचे धागं तेवढे ऱ्हायलेले, ती मान वर न करता म्हणाली — अठ्ठावीस ते एकतीस म्हणजे तीनच की हो. तीन काय लई न्हाय. एवढा बीम हुईल.

देव्हाऱ्याचा खण रोज तीच पुसती, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय. सातवीपतोर शाळा शिकलीया ती, वजाबाकी तिला बी येतीया. तिला म्हयनाभर ठाऊक हुतं. आन् मला त्या वक्ताला काय वाटलं ठाऊक हाय? — हे मी घरात कुणाला बोललो न्हाय, तुम्ही परके म्हणून बोलतो — मला बरं वाटलं. हलकं वाटलं. म्हटलं, तीच म्हणती की, मी कुठं म्हणालो. कांडी धोट्यात घातली आन् माग चालू केला. संक्रांतीपतोर चालला. आधी भाकरी सुटली, मंग भात, मंग अंबील. परवा अंबील बी परत आली नाकातनं. पर बीम उतरला. साठच्या साठ साड्या. शेवटच्या साडीची घडी तिनंच घातली आन् म्हणाली, चला आता.

तर तुमचं दीड म्हयन्याचं काय म्हणणं हाय? आप्पाच म्हणत्यात लगीन झाल्यावर? म्हणणारच. घरची माणसं असंच म्हणत्यात, आन् आपल्याला तेच ऐकायचं असतंय. लगीन फुडं ढकला, न्हाईतर त्यांच्याबिगर करा, पर उद्या सकाळच्याला —

थांबा. राजाबाई म्हणून हाक मारली काय? व्हय सिस्टर, मीच. मीच मालक तिचा. द्या हिकडं. सही कुठं, हतं? बरं.

बघू. चष्मा... हा. हे नाव. हे वय. हे बघा, हतं असतंय, ह्या ओळीत. दातापासनं... सत्तावीस. सत्तावीस? अठ्ठावीस हुतं की. वरनं बी सरकली म्हणायची. सत्तावीस ते... हे तीनच हाय न्हवं? ह्येच्या फुडचा आकडा कसला हाय, बघा जरा. चार. चौतीस. सत्तावीस ते चौतीस.

तुम्ही करा की वजाबाकी. मला जमंना झालंय. न्हाय — मोठ्यानं सांगू नका. तुमच्यापाशीच ठेवा.

ती हिकडंच बघायलीया. बोलता येईना म्हणून हात वर केलाय, बघा. बोटं दाखवायलीया. तीन बोटं. तीनच काय, म्हणून विचारायलीया.

...दाखवली. मी बी तीनच दाखवली. हसली बघा ती.

तुम्ही जावा आता. बस लागली आसंल तुमची. जावा.