दादूची होडी कोण ओढणार

हॅलो?… हॅलो! कोण, शकू? बोईसरहून?… हो, नलूच. रामाच्या दुकानातून बोलते. बोंबील वाळत घालत होते, तशीच धावत आले. बोल.

दादूभावजींची नवी होडी?… हाय ना, वाळूवर. हळद-कुंकू लावलंय, नारळ ठेवलाय… हो, हो… अगं ऐक ना! पाण्यात ओढणार कोण? माणसंच नाय आली. अख्ख्या गावातून एक नाय.

कोणी सांगितलं म्हणजे? मी सांगितलं! काल घरोघर फिरले, कोणी जाऊ नका म्हणून. चोरी हाय काय?

जावेनं जावेचं असं करायचं?… आणि तुझ्या नवऱ्यानं काय केलं गं? माझा पुंडलिक चुलत भाऊ ना त्याचा? त्यानंच नेला बोईसरला, कंपनीत. मुकादम ना तो! प्रेस मशीनवरची, हात वाचवायची जाळी कोणी काढायला लावली? "माल निघत नाय, काढ जाळी!" उजवा पंजा गेला गं माझ्या माणसाचा… आणि कोर्टात उभा राहून सांगतो, पुंडलिक पिऊन आलेला? लग्नाच्या हळदीलासुदा ताडीला शिवत नाय तो!

माहीत नव्हतं?… सगळं माहीत होतं त्याला. पिऊन आला म्हटलं की भरपाई बुडाली. कंपनीच्या शेठला तेच पायजे होतं.

नोकरी जाईल?… मग पुंडलिकची राहिली काय?… रडू नको. मी बोईसरला तुझ्या खोलीवर आले, तेव्हा आतून कडी लावलीस. विसरले नाय मी.

अगं ऐक… ऐक ना! परवा पुन्हा तारीख हाय. दादूभावजींनी खरं सांगायचं. जाळी मी काढायला लावली, पुंडलिक शुद्धीत होता. बस. हो म्हणू दे, आत्ता गाव बोलावते. पुंडलिक सगळ्यांच्या पुढं येईल, डाव्या हातानं दोर धरील…

का नाय जमणार?… काय?… परत बोल.

शेठनं दिली?… होडी?

कोर्टात खोटं बोलला म्हणून?

म्हणजे पुंडलिकच्या पंजाची होडी ती! आणि मला जेवायचं आवतण पाठवलंत? लाज नाय वाटली?… पाया पडू नको. फोनवर काय पाया पडतेस!

भरती?… उतरायला लागली. दिसतो ना इथून तुझा नवरा. एकटाच दोर ओढतोय, पाय घसरतायत वाळूत…

नाय. कोणाला नाय पाठवणार. दोन हात हायत ना त्याला? ओढू दे.

ठेवते.