पहिला घाव माहा

आमचं मूळ गाव बार्शीटाकळीकडचं. बापानं छप्पन साली दीक्षा घेतली अन् घरासमोर पिंपळ लावला, आमच्यासाठी तो बोधिवृक्ष. मी चौथी नापास, अकोटले कापसाच्या जिनिंगमंदी हमालीले आलो तवा त्याच झाडाचं रोप डब्यात घालून एस्टीनं आणलं, मांडीवर धरून. कंडक्टर म्हणे, बुवा, याचं हाफ तिकीट काढ. मोठे सेट म्हणे, लाव आवारात, पण पाणी तूच घालजो. घातलं, बापा.

काय सांगू तुमाले, इकडचं ऊन असं का फाटकाले हात लावला त कातडं निंघते. त्या झाडाखाली बाया भाकर खात, गाडीवाले झोपत. माही बायको शांता तिथी सरकी भरे, तिनं फांदीले लुगडं बांधून पोराची झोळी केल्ती. तोच आमचा प्रकाश.

मोठे सेट गेले, त्याहीच्या पोरानं छतावर सोलर बसवलं. म्हणे, बाबा, आता बिजली घरचीच, सूर्य आपला नोकर. मी म्हटलं, सेटजी, सूर्य कोणाचा नोकर होते व्हय? हासला. प्रकाशले प्लेटा धुवाच्या कामावर लावलं, जिनिंगची रुई उडून त्याहीवर बसते ना, रोज धुवा लागते. पोरगा परमनंट झाला, मले बरं वाटलं, कावून नाई वाटणार.

मंग प्रकाशच बोलला, दुपार ढळली का पिंपळाची सावली प्लेटांवर येते, बिजली कमी होते. सांगणं त्याचं कामच होतं, त्याले मी बोल नाई लावत. सेट म्हणे, तोडा. पण तोडते कोण? हिंदू गडी म्हणे, पिंपळावर मुंजा राह्यते. आमचे लोक म्हणे, बोधिवृक्षाले हात नाई लावत. बाहेरून आणलेला आरा-मशीनवाला त झाड पाहूनच गाडी वळवून निंघून गेला. मी छाती फुगवून बसलो, पाहू आता कोण तोडते.

सेटनं प्रकाशले बोलावलं. म्हणे, बापानं लावलं त बापच तोडन, नाई त प्लेटा धुवाले मी दुसरा माणूस पाहतो. पोरगा घरी आला, जेवला नाई. मी म्हटलं, बोल ना बे. म्हणे, बाबा, झाड तुमचं, तुमीच ठरवा.

सकाळी मी वंदन केलं अन् कुऱ्हाड घेतली. पहिला घाव माहा. तो पडला अन् सारे गडी धावून आले, म्हणे, पाप तुमी घेतलं, आता आमाले भेव नाई. दिवस बुडाच्या आंधी आभाळ मोकळं झालं. शांताच्या जोडीची जनाबाई म्हणे, शांता आज असती त तुया हातची कुऱ्हाड हिसकून घेतली असती. मी म्हटलं, व्हय, घेतली असती.

बाया आता मशीनपाशी धुळीतच भाकर खाते. पिंपळ काई असा मरत नाई पण. प्रकाश वरतं प्लेटा धुते, ते पाणी खालतं बुंध्यावर गळते, अन् कोंब फुटते, लाल लाल, तान्ह्या लेकराच्या कानावानी. सेट म्हणे, बाबा, वाढू देऊ नका. दुसरं कोणी हात लावत नाई, म्हणून मीच खुडतो. खुडले का पुन्हा येते, पुन्हा खुडतो. मी गेल्यावर हे काम प्रकाशकडेच येईन, परमनंट हाये ना तो. त्याचं भलं होवो बापा, अजून काय म्हणू.