चार नंबरचा दगूड

मूळचा मी निरवांगीचा. आजाच्या येळंपातुर आमच्यात मेंढरांचा कळप हुता, बापानं मेंढरं इकली आन् जमीन कसाया लागला, आन् मी, काय सांगू तुमाला, धाव्वी नापास, तवा बारामतीला कालेजात शिपाई म्हणून रोजंदारीवर चिकटलो. एक्क्याण्णवचं साल असंल. टाकलं ते भूगर्भाच्या खात्यात. भूगर्भ म्हंजी समदी दगडंच. म्हातारी म्हणायची, जलमभर दगडं तुडवली आन् आता पुसाया गेला व्हय?

खात्यात शिकवायला एक मॅडम हुत्या, लई समजावून सांगायच्या. म्हणल्या, बबनराव, ह्यो बेसाल्ट आन् ह्यो डोलेराइट. मी म्हणलं, दोनीबी काळंच की. त्या म्हणल्या, उजेडाला धरा. जमिनीच्या पोटातला रस एकच, पर जो वर येऊन पसरला त्यो झटक्यात निवला, त्याला दाणा धराया येळच न्हाय घावला, मैद्यावानी बारीक, त्यो बेसाल्ट. दुसरा भेगंत आडकला, सावकाश निवला, त्याचा दाणा रव्यावानी डोळ्याला दिसतो, त्यो डोलेराइट. मंग मला याद आली, आमच्या माळावर काळ्या दगडाची एक वळ हाय, सरळ, कुणी बांध घातल्यावानी. तितनं एक दगूड फोडून आणला. मॅडमनी भिंग लावलं, म्हणल्या, डोलेराइटच की हो. तवापासनं त्यो परीक्षेच्या ट्रेमधी बसला.

आन् फुडं लई वर्सांनी एका परीक्षेलाच घोळ झाला. सकाळी ट्रे हातातनं निसटला, दगडांवरच्या नंबराच्या चिठ्ठ्या सुटल्या, म्या गडबडीनं परत चिकटवल्या. परीक्षा घ्यायला बाहेरगावचं सर आल्यालं, त्यांच्या हातात बरोबर उत्तरांची यादी. पयली बोलावली ती जळोचीची सुनीता, गप पोरगी, कवा मान वर करायची न्हाय. सर म्हणलं, चार नंबरला डोलेराइट कसं लिवलं? ती म्हणली, सर, दाणा दिसतोय. सर म्हणलं, यादीत बेसाल्ट हाय, दगूड बघून लिवलंय का आंदाजानं? तिचं डोळं भरलं, पर बोलणं फिरवलं न्हाय. म्हणली, दिसतोय सर.

मी दारात उभा. चार नंबरला बघितलं तर माझ्याच माळावरचा दगूड. आता माझा कायम करायचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर, मॅडमनी बजावल्यालं, बबनराव, एवढं साल चूक हू दिऊ नका. गप बसलो आसतो तर कुणाला काय कळणार हुतं? पर फुडं झालो. मंग म्हणलं, सर, पोरगी बरोबर हाय, चिठ्ठ्यांची आदलाबदल म्याच केली. सर म्हणलं, तुमाला काय कळतं दगडातलं? मी म्हणलं, ह्यो दगूड म्या फोडलाय. त्यांनी भिंग लावलं, लई येळ बघितलं, आन् यादीवर काट मारली. तिला म्हणलं, बस, पुढचा नंबर सांग.

मला मेमो आला. कागद मागं गेला तो तीन वर्सं. घरात बोलणी बसली. राग आला का म्हणताय? आला आसंल, आता सांगता यायचं न्हाय.

गेल्या साली झालो कायम. गुडघं दुखत्यात, जिना चढवत न्हाय, पर चाललंय. सुनीता पुढं शिकाया भाईर गेली म्हणत्यात. मेमोचं तिला कुणी सांगितलं न्हाय, म्याबी न्हाय. न्हाय ठावं त्येच बरं, उगं मनाला लावून घेतलं आसतं. आसंल तितं सुखी राहू दे.