स्पीकर दुरुस्त केल्याबद्दलची तक्रार

दि. ११ जानेवारी १९८७, सकाळी ११ वाजता

मी नागसेन चंपतराव रामटेके, वय २७ वर्षे, धंदा रेडिओ दुरुस्ती, रा. इंदोरा, नागपूर. धंदा गिटारवादन असा लिहावा असे मी दोनदा सांगितले, परंतु हवालदार साहेबांच्या मते तो धंदा होत नाही. समक्ष ठाण्यात हजर होऊन जबाब देतो की,

मी, ड्रम वाजवणारा मुकुंद आणि बेस गिटार वाजवून गाणारा सॅम्युअल असे तिघे सहा वर्षांपासून 'थर्मल' नावाचा बँड चालवतो. आम्ही हेवी मेटल प्रकारचे संगीत वाजवतो. गाणी आमची स्वतःची आहेत. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आम्हाला तिसऱ्या गाण्याला खाली उतरवतात, गणेशोत्सवात पहिल्यालाच. तरी आम्ही वाजवतो.

या संगीतात गिटारचा आवाज फाटका, गुरगुरणारा लागतो. त्यासाठीचे यंत्र परदेशातून आणावे लागते आणि ते आमच्या आवाक्यातले नाही. म्हणून मी १९८२ साली आमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद दाढीच्या ब्लेडने चार ठिकाणी चिरला. त्याआधी तीन स्पीकर असेच चिरून वाया घालवले होते. चौथ्यात हवा तो आवाज सापडला. दुसऱ्या ऑर्केस्ट्रावाल्यांना ही युक्ती कळू नये म्हणून आम्ही ती कोणालाही सांगितली नाही.

महाल भागात साउंड सर्व्हिस चालवणारे देवाजी, वय अंदाजे ६०, हे आमचा अ‍ॅम्प्लिफायर आपल्या दुकानात ठेवून घेतात, कारण आमच्या तिघांच्याही घरी जागा नाही. कार्यक्रमाच्या ठिकाणी तो सायकलरिक्षातून तेच पोचवतात. त्यांनाही आम्ही चिरण्याबद्दल सांगितले नव्हते.

काल सायंकाळी ६ वाजता धरमपेठेतील एका सभागृहात नव्या कलावंतांचा कार्यक्रम होता. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचे साहेब ऐकायला आले होते. त्यांना आवडले तर आमची कॅसेट निघणार होती. मुकुंदला १ फेब्रुवारीपासून कोराडीच्या वीज केंद्रात वडिलांच्या जागी रुजू व्हायचे आहे. ते त्याने दोनदा पुढे ढकलले, आता ढकलता येत नाही. म्हणजे तिघांसाठी हीच शेवटची संधी होती.

आमच्या आधी नकलांचा कार्यक्रम लांबला. अ‍ॅम्प्लिफायर ऐन वेळी थेट रंगमंचावर आला आणि पडदा उघडला. मी पहिला सूर काढला, तर आवाज लग्नातल्या सनईसारखा साफ आला. वाकून पाहिले असता चारही चिरांवर रेशमी कापडाच्या पट्ट्या व्यवस्थित चिकटवलेल्या दिसल्या. देवाजी विंगेत उभे राहून मला हातानेच 'कसं वाटलं' असे विचारत होते. पट्ट्या काढायला वेळ नव्हता. आम्ही दोन गाणी वाजवली. लोक शेवटपर्यंत बसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. असे आमच्या बाबतीत यापूर्वी घडलेले नाही, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कार्यक्रमानंतर मुंबईचे साहेब मागे आले. ते म्हणाले, "तुमचा हात फार साफ आहे. आमच्याकडे भक्तिगीतांच्या रेकॉर्डिंगला गिटारवाला हवाय. या महिन्यातच या. या दोघांचं मात्र काम नाही." मुकुंद आणि सॅम्युअल माझ्या शेजारीच उभे होते. मी हो म्हणालो. सॅम्युअलने माझ्याशी हात मिळवला. मुकुंद ड्रमचे स्क्रू सोडायला लागला.

त्यानंतर मी विंगेत जाऊन देवाजींची कॉलर धरली. त्यांच्या शर्टाची दोन बटणे तुटली. ते म्हणाले, "काहून गा नागसेन, काय चुकलं माहं? पाच वर्षांपासून पाहून राहिलो, फाटक्या स्पीकरवर वाजवता तुम्ही. मुंबईचा माणूस येऊन राहिला म्हणून दोन दिवस बसून जोडला मी त्याले." लोकांनी आम्हाला वेगळे केले.

आज मी देवाजींविरुद्ध तक्रार देण्यास आलो. त्यांना बोलावून घेण्यात आले असून ते बाहेर बाकावर बसले आहेत. हवालदार साहेबांनी मला विचारले, "फाटलेली वस्तू फुकटात जोडून देणं कोणत्या कलमात बसते, ते तुम्हीच सांगा." आवाज बिघडला का असे विचारले असता, आवाज सुधारला, हीच माझी तक्रार आहे असे सांगितले. हवालदार साहेबांनी पेन खाली ठेवले व थोड्या वेळाने पुन्हा उचलले.

देवाजींची माझ्याविरुद्ध काही तक्रार नाही. माझीही त्यांच्याविरुद्ध तक्रार उरली नाही, असे लिहावे.

विचारल्यावरून सांगतो की, मुंबईच्या साहेबांना मी हो म्हणालो तेव्हा माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नव्हती. मी शुद्धीवर होतो.

हा जबाब हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तेच यात उतरले आहे, कमी-जास्त काही नाही, म्हणून खाली सही करतो.

नागसेन चं. रामटेके