जिन्यासमोरच्या भिंतीवरची चादर

धुणं? हे धुणं दिसतंय तुम्हाला? — नीट बघा भाऊ, बिल्डिंगचे सेक्रेटरी आहात ना — कोरडी ठणठणीत पांढरी चादर आहे, चार खिळ्यांवर ताणून बसवलीये. जिन्यासमोरची ती काळवंडलेली भिंत झाकली तर वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या पोटात का दुखावं? साडेनऊला त्या भिंतीवर ऊन येतं, सव्वादहाला जातं. पाऊण तास. तेवढ्यात चादरीवरचा उजेड माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येतो आणि मी खिडकीकडे तोंड करून फोनसमोर उभी राहते — व्हिडिओ करायला. हसा, हसा. चौसष्टाव्या वर्षी हे काय खूळ, असंच ना?

नाही हो, स्वयंपाकाचे नाहीत. गाणं तर मुळीच नाही. बोलते — हातांनी. माझ्या मुलीला ऐकू येत नाही, जन्मापासून. तुम्ही राहायला आलात तेव्हा ती इथून गेलेली होती, तुम्हाला कुठून माहीत असणार? आणि नात आहे दोन वर्षांची, तिलाही नाही ऐकू येत. मग फोनवर काय ‘हॅलो हॅलो’ करत बसू? म्हणून गोष्टी सांगते नातीला. पहिला व्हिडिओ केला तो खिडकीला पाठ करून — खिडकी छान दिसते म्हणून. लेकीनं दोन शब्द पाठवले: ‘काळं. परत.’ बघितलं तर माझं तोंड म्हणजे तव्याची मागची बाजू! मग ट्यूबलाइटच्या खाली उभी राहिले, तर डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा. ‘परत.’ टेबलावरचा दिवा एका बाजूला ठेवला, तर दुसरा हात अंधारात — म्हणजे अर्धं वाक्यच गायब. ‘परत.’ फुलाफुलांचा गाऊन घातला होता, त्या फुलांत बोटं हरवली. नऊ वेळा, भाऊ, नऊ वेळा परत पाठवला तिनं.

राग? मला कशाला येईल राग? अहो, चार वर्षं तिचं एक अक्षर नव्हतं आलं, नात झाल्याचंही नातेवाइकांकडून कळलं. ‘परत’ म्हणाली म्हणजे परत बघणार होती ना ती!

चार वर्षं का म्हणजे... झालं काहीतरी. घरोघरी होतंच की. लग्न ठरवलं तिनं आणि मुलाला घरी घेऊन आली. तोही तसाच, न ऐकू येणारा. सोफ्यावर बसून दोघं हातांनी बोलत होती, हसत होती — काय हसत होती! — आणि मी काय म्हणावं? ‘माझ्या घरात हात खाली.’ तिनं ओठ वाचले माझे. पर्स उचलली, गेली.

असं बघू नका माझ्याकडे. आम्हाला तसंच सांगितलं होतं — चांगल्या शिकलेल्या माणसांनी — की हात चालवू दिलेत तर पोर कधी बोलायची नाही. मी ऐकलं. पाणी हवं असलं की ती अंगठा ओठाला लावायची, मी तो खाली ओढायची. ‘तोंडानं म्हण. पा-णी.’ आणि एकदा... पाच वर्षांची होती. ओढणीनं दोन्ही हात बांधले मी तिचे, खुर्चीला. समोर पेला ठेवला. अख्खी दुपार गेली, पण ती नाही बोलली आणि मी नाही सोडलं. तिचे बाबा ऑफिसातून आले, त्यांनी गाठ सोडवली.

हे मी कुणाला... तुम्हाला का सांगतेय मी हे? चादरीचं चाललं होतं.

आता दर शनिवारी ही हातांची भाषा शिकायला जाते. शिकवणारी माझ्या लेकीपेक्षाही लहान आहे, आणि ओरडते — हातांनी! चुकले की टेबलच हादरवते. ती म्हणाली, आजी, बोटं बरोबर आहेत तुमची, पण तोंड कोरं आहे. अहो, हात शब्द सांगतात. ते मनापासून आहेत की नाही ते भुवयांवर, ओठांवर दिसतं. आज गोष्ट नाहीये नातीला. आज लेकीला सांगायचंय, त्या दुपारचं. तीन आठवडे आरशासमोर घोकतेय. अंधुक आलं ना, तर तिला वाटेल आईनं तोंड लपवलं.

तर खुशाल लिहा नोटीस. मीटिंगमध्ये उभी करा मला, तिथेही हेच सांगेन. वरच्या बाईंना सांगा, भिंत सगळ्यांची आहे, तर उद्या त्यांनीही लावावी चादर, खिळे मी देते. आणि रडत नाहीये मी. रडले तरी पुसणार नाही — दिसू दे तिला.

ऐकताय ना? वीस मिनिटं राहिलीत उन्हाची. निघा आता.