ओल्या पोत्यातला लॅपटॉप

मी मदिहा मुनवर तांबोळी, वय २३ वर्षे, व्यवसाय घरबसल्या टायपिंगची कामे, राहणार तेरखेडा, तालुका वाशी, जिल्हा धाराशिव. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी आईवडिलांसोबत राहते. वडील मुनवर तांबोळी गावाबाहेरच्या परवानाधारक कारखान्यात फटाक्यांत दारू भरण्याचे काम करतात. कामाचे कपडे तिथेच काढून, अंघोळ करूनच ते घरी येतात.

माझा लॅपटॉप यंदाच घेतलेला आहे. काही दिवसांपासून तो फार तापत होता. मग खालची बाजू फुगली, कीबोर्ड वर आला, झाकण लागेना. दुकानदाराला फोन केला असता, "नवाच हाय की, काय होत नसतंय, वापरा," असे तो म्हणाला. काम अडू नये म्हणून मी वापरत राहिले.

काल दुपारी चार्जिंगला असताना त्यातून चर्र असा आवाज येऊ लागला. मी घाबरून अब्बांना हाक मारली. कारखान्यात काही तापले की ओले पोते टाकायचे, ही त्यांची सवय. "तू सरक मागं. भिजलं की गार होतंय," असे म्हणून त्यांनी वायर काढली, लॅपटॉप ओल्या पोत्यात गुंडाळला आणि फुगवटा बसावा म्हणून दोन्ही हातांनी दाबला. तसा तो फुटून पेटला. त्यांचे हात व चेहरा भाजला.

आम्ही मायलेकी ओरडत होतो. शेजारी दारापर्यंत आले, पण कोणीतरी "दारू पेटली" म्हणताच सगळे पळाले. त्यांच्यावर माझा राग नाही, आमच्या गावात धूर दिसला की मीही पळते. आईने व मी गोधडी टाकून वडिलांना बाहेर ओढले.

वडील धाराशिवला दवाखान्यात आहेत. लॅपटॉप असा पेटतो हे त्यांना पटतच नाही. "माझ्याच अंगाला दारू लागून आली असंल, पोरीला काय इचारू नका," असे ते येईल त्याला सांगत आहेत. त्यांचा जबाब घेणार असल्याचे कळल्यावरून मी तातडीने इथे आले. ते तसेच सांगून बसतील, याची मला फार भीती वाटते. घरात फटाक्याची दारू नव्हती. जळालेला लॅपटॉप जागेवरच आहे, तो येऊन पाहावा.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. वडिलांचे दोन्ही हात पट्टीत आहेत. त्यांच्याकडून काही लिहून घेण्याआधी हा त्यांनाही वाचून दाखवावा.